खुर्ची सापडते, आजी कुठे आहेत?

विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा, म्हणजे आयाटाचा, ७५३ क्रमांकाचा एक ठराव जून २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार प्रवाशाच्या बॅगेची नोंद चार ठिकाणी ठेवावीच लागते: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, पुढच्या विमानासाठी बदलताना आणि प्रवाशाच्या हाती परत देताना. बॅगेच्या पट्टीवर दहा आकडी क्रमांक असतो आणि तोच क्रमांक वाटेत पुन्हापुन्हा वाचला जातो. त्याच विमानाने जाणाऱ्या, व्हीलचेअरवर बसलेल्या आजी या घडीला नेमक्या कुठे आहेत हे मात्र बऱ्याच ठिकाणी अजूनही वॉकीटॉकीवर विचारावं लागतं. ज्या मुलाला विचारायचं, तो तेव्हा दुसऱ्याच आजोबांना घेऊन सिक्युरिटीच्या रांगेत अडकलेला असतो.

बॅगेला तोंड नाही, म्हणून तिची नोंद सगळे काटेकोर ठेवतात. माणूस काय, विचारेल, हाक मारेल, असं गृहीत धरलं जातं. पण पंच्याहत्तरीच्या, परक्या विमानतळावर बसलेल्या, फोन पर्समध्ये तळाशी गेलेल्या बाई कुणाला हाक मारतील? मुलाने बजावलेलं असतं, "खुर्ची सोडून कुठे जाऊ नकोस." त्या जात नाहीत. म्हणूनच त्या मागे राहतात.

सुरुवात तिकिटापासून होते. मदतीची मागणी बुकिंगमध्ये चार अक्षरी कोडने नोंदवली जाते. व्हीलचेअरचे मुख्य कोड तीन आणि त्यांच्यात फरक फक्त शेवटच्या अक्षराचा. शेवटी 'आर' असेल तर प्रवासी पायऱ्या चढू शकतो, विमानात आपल्या सीटपर्यंत चालू शकतो, पण टर्मिनलमधलं लांबचं अंतर त्याला झेपत नाही. 'एस' असेल तर पायऱ्याही जमत नाहीत, विमानात शिरल्यावर मात्र तो चालतो. 'सी' म्हणजे थेट सीटपर्यंत नेऊन बसवावं लागेल. दृष्टिहीन, कर्णबधिर आणि बौद्धिक किंवा विकासात्मक अपंगत्व असलेल्या प्रवाशांसाठी वेगळे कोड आहेत. नुसती सोबत हवी असेल त्यांच्यासाठी 'मास' आहे. हे सगळं बुकिंगच्या ज्या रकान्यातून जातं, त्याच रकान्यातून जैन जेवणाची मागणीही जाते. जेवण चुकलं तर प्रवासी फार तर उपाशी राहतो.

एजंट बहुतेकदा 'आर' टाकून मोकळा होतो, कारण विचारलं की घरचे सांगतात, "चालते हो आई, फक्त फार चालवत नाही." पायऱ्यांचं कुणी विचारतच नाही. मग विमान एअरोब्रिजऐवजी लांबच्या बेवर, म्हणजे टर्मिनलपासून दूर विमान उभं करायच्या जागी लागतं, तिथे बस आणि शिडी. यादीत सगळेच 'आर' असल्यामुळे ॲम्बुलिफ्ट, म्हणजे वर उचलली जाणारी केबिन असलेली गाडी, मागवलेलीच नसते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी शिडीच्या तळाशी उभ्या, वर दारात हवाई सुंदरी आणि मागे बसमधले शंभर प्रवासी. वायरलेसवर गाडी मागवली जाते, पण ती तेव्हा दुसऱ्या टोकाच्या विमानाला लागलेली असते. अर्धा तास गेला की सगळे पुशरवर, म्हणजे खुर्ची ढकलणाऱ्या मुलावर ओरडतात. चूक झालेली असते तीन महिन्यांपूर्वी, ट्रॅव्हल एजंटच्या टेबलावर.

दुसरी गफलत टप्प्यांची. मुंबई-फ्रँकफर्ट-सॅन फ्रान्सिस्को असं तिकीट असेल तर मागणी दोन्ही टप्प्यांवर स्वतंत्र नोंदवावी लागते. दुसरा टप्पा भागीदार कंपनीच्या विमानाचा असेल तर मागणी तिच्या सिस्टिममध्ये जाऊन तिथून होकार यावा लागतो. होकार येईपर्यंत ती नुसती विनंती असते. तिकिटाच्या प्रिंटवर व्हीलचेअरचं चित्र दिसलं म्हणजे काम झालं असं समजू नये. तो होकार आलाय की नाही, ते फोन करून दोन्ही कंपन्यांना विचारावं. आपल्याकडचा डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नियम आणि युरोपचा २००६ चा ११०७ क्रमांकाचा नियम, दोन्ही ४८ तास आधी कळवायला सांगतात. युरोपात कंपनीने ही माहिती विमान सुटण्याच्या निदान ३६ तास आधी विमानतळाला द्यायची असते.

ती माहिती जाते कशी? आधी एक यादी जाते, मग तिच्यातल्या बदलांची पुरवणी. विमान सुटलं की तिसरा संदेश पुढच्या विमानतळाकडे जातो: कोणत्या सीटवर कोण, कोणत्या मदतीचं. मुंबईहून लंडनला हा संदेश आरामात वेळेत पोचतो, नऊ तास हातात असतात. मुंबई-गोवा हा तासाभराचा प्रवास. दरवाजा बंद होण्याच्या जरा आधी कुणी खुर्ची मागितली, गेटवरच्या मुलीने ती घाईत नोंदवली नाही, की गोव्याला विमान लागतं तेव्हा यादीत सहा आणि दारात नऊ. मागितलेले सहा शहाण्यासारखे आपल्या जागी बसून असतात, कारण त्यांना तसंच सांगितलेलं असतं. न मागितलेले तीन पुढे येऊन उभे राहतात आणि लावून ठेवलेल्या खुर्च्यांवर बसून निघून जातात. वेळेत नियमाने मागणाऱ्याला शिक्षा आणि ऐनवेळी उठणाऱ्याला बक्षीस, असा हा प्रकार रोज चालतो. यावर उपाय साधा आहे. खुर्चीत बसवण्याआधी बोर्डिंग पास पाहायचा आणि सीट नंबर यादीशी ताडायचा. पण मागे दोनशे माणसं खोळंबलेली असताना ते होत नाही.

यादीचा कागद एकदा जवळून बघावा. क्लिपबोर्डला लावलेला ए-फोर, वर फ्लाइट नंबर, खाली नावं, सीट, कोड. छापील आकडा २३, तो पेनने खोडून २५, तोही खोडून २७. काही नावांपुढे निळी टिक, काहींपुढे लाल. निळी म्हणजे चेक-इन झालं, लाल म्हणजे गेटवर आले, असं सकाळच्या शिफ्टचं ठरलेलं. दुपारच्या शिफ्टकडे लाल पेनच नाही, म्हणून त्यांनी निळ्यानेच दोन टिका मारल्या. एका नावापुढे टिक आणि शेजारी प्रश्नचिन्ह. विमान सुटायला चाळीस मिनिटं असताना त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ सांगणारा माणूस घरी गेलेला असतो.

त्यातून नावांचा घोळ. आपल्या पासपोर्टवर बहुतेकदा स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं, आडनाव वेगळं. यादीत ते सगळं सलग जोडून येतं आणि लांबलं की तुटतं. एकाच विमानात तीन देशपांडे आणि दोन कुलकर्णी असणं तर रोजचंच. पुशरने "मिसेस देशपांडे?" असं विचारलं की ज्यांना ऐकू येतं त्या पहिल्या देशपांडेबाई "हो" म्हणतात आणि खुर्चीत बसतात. त्यांची खुर्ची मागितलेलीच नव्हती, पण मुलाने आपल्यासाठी सोय केली असेल असं त्यांना वाटतं. म्हणून नावाने ओळखू नये. सीट नंबर आणि बुकिंगचा सहा अक्षरी क्रमांक, हे दोन्ही जुळले तरच माणूस तो. आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. बोर्डिंग पासवरचा बारकोड वाचला की नाव, बुकिंग क्रमांक, विमान, तारीख, सीट आणि चेक-इनचा क्रम कळतो, व्हीलचेअरची मागणी त्यात नसते. ती कंपनीच्या सिस्टिममध्येच बघावी लागते आणि पुशर बहुधा तिथे नोकरीला नसतो, ठेकेदाराकडे असतो.

आता खुर्च्या. मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. त्या दोन-तीन तासांत खुर्च्या प्रवेशद्वाराकडून गेटकडे वाहत जातात आणि तिथेच साचतात. खाली प्रवेशद्वारापाशी रांग वाढते आणि वर गेटजवळ रिकाम्या खुर्च्या एकात एक घुसवून ठेवलेल्या. पहाटे विमानं उतरायला लागली की हेच उलट दिशेने. यासाठी खुर्चीला टॅग लावणं उपयोगाचं आहे: कुठल्या भागात किती खुर्च्या आहेत ते पडद्यावर दिसतं आणि चार मुलं पाठवून त्या खाली आणता येतात. पण यालाच 'प्रवासी ट्रॅकिंग' म्हणून विकलं जातं, तिथे आक्षेप घ्यावा लागतो. खुर्ची ठिपक्यासारखी पडद्यावर दिसते. आजी त्यातून उठून बाकावर बसल्या, खुर्ची दुसऱ्याला गेली, की ठिपका निघाला फिरायला. व्यवस्थेला वाटतं आजी चालल्या आहेत. आजी मात्र पाण्याच्या कूलरशेजारी बसलेल्या असतात.

माणूस हरवतो तो ढकलला जात असताना कधीच नाही. हरवतो थांबल्यावर. पुशर म्हणतो, "आजी, इथेच बसा, पाच मिनिटांत येतो." तो खोटं बोलत नसतो. त्याला खाली अजून तिघं आणायचे असतात. तेवढ्यात गेट बदलतं. घोषणा इंग्रजीत आणि हिंदीत होते, ती कानाच्या मशीनमध्ये गुणगुणल्यासारखी ऐकू येते. नाहीतर शिफ्ट बदलते आणि 'तिकडे एक आजी बसल्यात' हे सांगायचं राहून जातं. लघवीला जावं लागेल म्हणून चार तास पाण्याचा घोट न घेणाऱ्या कितीतरी बायका याच थांब्यांवर बसलेल्या दिसतील. कोण कधी परत येईल याचा भरवसा नसला की माणूस जागा सोडत नाही.

मोजमाप मात्र या मधल्या वेळेचं होतच नाही. युरोपीय नागरी विमान वाहतूक परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत आधी कळवलेल्या, उतरणाऱ्या प्रवाशांसाठी ठरलेलं आहे की विमान जागेवर लागल्यापासून ८० टक्क्यांना ५ मिनिटांत, ९० टक्क्यांना १० मिनिटांत आणि सगळ्यांना २० मिनिटांत मदत मिळावी. आकडे चांगलेच आहेत. पण घड्याळ पहिला माणूस भेटेपर्यंतच चालतं. त्याने खुर्चीत बसवून वीस पावलांवर नेऊन ठेवलं की अहवालात सगळं हिरवं. त्यापुढचा पाऊण तास कुणाच्याच खात्यात नाही. अमेरिकेच्या नियमात ही फट थोडी बुजवलेली आहे. जो प्रवासी खुर्चीतून स्वतः हलू शकत नाही, त्याला विमान कंपनीने खुर्चीत ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ एकटं सोडायचं नाही. हा नियम पाळायचा तर थांबा कधी सुरू झाला हे कुणीतरी लिहायला हवं. माझ्या मते मदतीच्या कुठल्याही ॲपमध्ये पाच नोंदी असाव्यात: मागणी, नेमणूक, ताबा, थांबा, सुपूर्द. चौथी नोंद बऱ्याच ठिकाणी नसते. ती टाकली, थांब्याला वीस मिनिटांचा गजर लावला आणि तो पुशरच्या नव्हे तर ड्युटी ऑफिसरच्या फोनवर वाजवला, तर अर्धे घोळ तिथेच मिटतील.

अर्थात ॲप आलं म्हणजे खोटं बोलणं थांबतं असं नाही. शिफ्ट संपताना एका जागी उभं राहून वीस बोर्डिंग पासांचे फोटो स्कॅन करून 'काम पूर्ण' दाबलं जातं. ओळखायची खूण सोपी आहे. वीस प्रवासी एकाच मिनिटात, एकाच ठिकाणी 'सुपूर्द' झालेले दिसले, तर त्यातला एकही तिथे सुपूर्द झालेला नाही. यात त्या मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. प्रत्येक फेरीमागे ॲपमध्ये सात बटणं दाबायला लावली की ती शेवटी एकत्रच दाबली जाणार. एक स्कॅन, एक बटण, बाकीचं वेळ आणि ठिकाण फोनने स्वतः टिपावं.

सिक्युरिटीत आणखी एक गोष्ट हमखास हरवते: काठी. एक्स-रेच्या पट्ट्यावर ती ट्रेच्या बाहेर, आडवी जाते. पलीकडे बॅग, चपला, मोबाइल गोळा होतात आणि काठी रोलरच्या टोकाशी पडून राहते. लक्षात येतं गेटवर, तोवर पुशर बदललेला. काठीला नाव आणि फोन नंबर लिहिलेला कापडी पट्टा बांधावा, आणि खुर्चीतल्या माणसाने स्वतः विचारावं, "माझी काठी?"

नवरा-बायको हा वेगळाच प्रश्न. यादीत त्यांची दोन नावं, दोन खुर्च्या, म्हणजे दोन वेगळी कामं. प्रत्यक्षात ते एकच काम असतं. १२ फेब्रुवारी २०२४ ला न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या एका वृद्ध जोडप्याने दोन खुर्च्या मागितल्या होत्या, मिळाली एक. पत्नी खुर्चीत बसल्या, ऐंशी वर्षांचे आजोबा सोबत चालत निघाले, इमिग्रेशनपर्यंत पोचले आणि कोसळले. त्यांचा मृत्यू झाला. त्यांना दुसऱ्या खुर्चीसाठी थांबायला सांगितलं होतं, असं कंपनीचं म्हणणं होतं. डीजीसीएने एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला. पन्नास वर्षांच्या संसारानंतर बायको एका अनोळखी मुलाबरोबर पुढे जात असताना कुठला आजोबा मागे थांबेल? दोघं एकाच बुकिंगमध्ये असतील तर नेमणूकही एकत्रच व्हावी: दोन खुर्च्या आल्याशिवाय पहिली हलवायचीच नाही. सिस्टिममध्ये हे दोन ओळींचं काम आहे.

आणि एवढ्या खुर्च्या लागतात तरी का, याचंही स्पष्ट बोलून टाकू. अमेरिकेला, युरोपला पहिल्यांदा निघालेल्या आईवडिलांसाठी मुलं व्हीलचेअर मागतात ती बऱ्याचदा पायांसाठी नसते. फ्रँकफर्टला पाटी कळणार नाही, मधे ट्रेन घ्यावी लागेल, विचारायला भाषा नाही, ही खरी अडचण. त्यासाठी योग्य ती सोबतीची सेवा. पण ती विमानतळांवर बहुधा पैसे मोजून मिळते, आणि व्हीलचेअर नियमाने मोफत. मग मुलं दुसरं काय करतील? उतरल्यावर खुर्चीतून ताडकन उठून बॅगा ओढणाऱ्या काकांवर लोक हसतात, पण त्यांना हवा होता तो माणूस, खुर्ची नव्हे. दहा जणांचा एक गट करून एका माणसाने चालत नेलं तरी चालेल, अशी नोंद वेगळी ठेवली तर ज्यांना खरोखर खुर्ची लागते त्यांची रांग तेवढी कमी होईल.

सगळ्यात धोक्याची वेळ मात्र विमान चुकल्याची. मुंबईचं विमान दोन तास उशिरा पोचलं, पुढचं निघून गेलं. काउंटरवरची मुलगी कर्तव्यदक्ष असते, दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा देते, नवा बोर्डिंग पास छापते. नव्या बुकिंगमध्ये मदतीची मागणी आपोआप येईलच असं नाही. जुन्या यादीत आजी 'आल्या नाहीत' म्हणून खोडल्या जातात आणि नव्या यादीत त्या नसतात. त्या क्षणी आजी कुठल्याच कागदावर नाहीत. त्यात फ्रँकफर्टला मदतीची जबाबदारी विमानतळाची, अमेरिकेत आणि आपल्याकडे विमान कंपनीची, म्हणजे बोलायचं कुणाशी हेही बदललेलं. म्हणून मुलांनी एक गोष्ट पक्की करावी: विमान बदललं, तारीख बदलली, नुसता फ्लाइट नंबर जरी बदलला, तरी व्हीलचेअरची मागणी पुन्हा नोंदवून घ्यायची.

आईच्या पर्समध्ये पोस्टकार्डाएवढा कागद ठेवावा. त्यावर इंग्रजीत ठळक अक्षरांत नाव पासपोर्टवर आहे तसं, बुकिंग क्रमांक, दोन्ही विमानांचे नंबर आणि वेळा, कुठे जायचंय, मुलाचा आणि सुनेचा फोन देशाच्या कोडसकट, औषधांची नावं नकोत पण 'ऐकू कमी येतं' हे हवं. मागच्या बाजूला मराठीत तीनच वाक्यं: पुशर निघाला की 'आता कोण येणार, किती वाजता?' विचार, त्याच्या बिल्ल्याचा आणि खुर्चीच्या नंबरचा फोटो काढ, अर्धा तास कुणी आलं नाही तर समोर दिसेल त्या गणवेशातल्या माणसाला हा कागद दाखव. बॅटरीवर चालणारी स्वतःची खुर्ची नेणार असाल तर बॅटरीचे वॉट-अवर, म्हणजे तिची क्षमता, आधी कळवा. काढता येणारी लिथियम बॅटरी असेल तर एक ३०० पर्यंत किंवा दोन प्रत्येकी १६० पर्यंत चालतात, आणि काढलेली बॅटरी विमानात सोबत ठेवायची, सामानात नाही. खुर्ची उतरल्यावर विमानाच्या दारातच परत मिळावी, असा टॅग चेक-इनलाच लावून घ्यायचा, नाहीतर ती बॅगांच्या पट्ट्यावर जाते.

शेवटचा थांबा बाहेरच्या दारापाशी. मुलगा एका गेटला उभा असतो, पुशर दुसऱ्या गेटने बाहेर येतो, आणि त्याला परत आत जायची घाई असते कारण पुढचं विमान लागलंय. इथे सुपूर्द कुणाला केलं ते नावानिशी लिहिलं गेलं पाहिजे: मुलगा, जावई, की नुसता टॅक्सीवाला. घरचं कुणी सापडलं नाही तर आजींना बाहेर पदपथावर न सोडता आतल्या मदत कक्षात परत आणायचं, त्या कागदावरचा नंबर लावायचा आणि नोंद तोवर उघडीच ठेवायची.